नुसतं पठार राहिलंय, मग वर गड होता हे ओळखायचं कसं?

भुदरगड तालुक्यातल्या एका भावानं विचारलंय, प्रश्न थोडक्यात असा. त्यांच्या गावामागच्या डोंगराला सगळे गडच म्हणतात, म्हातारी माणसं वर किल्ला होता म्हणून सांगतात, पण वर गेलं की एक पाण्याचा खड्डा, दगडांचे ढीग, शेंदूर लावलेला देव आणि गुडघाभर गवत, बस्स. पोरांच्यात दोन तट पडलेत, एक म्हणतोय नुसती चौकी होती, दुसरा म्हणतोय भोज राजाचा किल्ला, आणि आता जेसीबी लावून वरपर्यंत रस्ता करायचा आणि सगळं साफ करून संवर्धन करायचं ठरत आलंय. तर खरं काय ते कसं समजायचं?

मी गेली बरीच वर्षं आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या आणि घाटमाथ्यावरच्या गडांची मोजमापं घेऊन नकाशे काढायचं काम करतोय, त्यामुळं असे डोंगर भरपूर बघितलेत. तुमच्या प्रश्नात खरं तर तीन प्रश्न आहेत. वर वस्ती किंवा गड होता का, होता तर केवढा होता, आणि कोणाच्या काळातला. पहिले दोन तुम्ही स्वतः टेप आणि मोबाईल घेऊन बऱ्यापैकी सोडवू शकताय. तिसरा मात्र शिलालेख, नाणं, कागद किंवा रीतसर उत्खनन असल्याशिवाय सुटत नाही, मग सांगणारा कितीही छातीठोकपणे सांगू दे. शिलाहार राजा भोज दुसऱ्यानं १५ किल्ले बांधले ही आपल्याकडची जुनी परंपरा आहे, पन्हाळा, विशाळगड, भुदरगड, सामानगड ही नावं त्यात घेतात, पण म्हणून प्रत्येक टेकडी शिलाहारांच्या नावावर चढवता येत नाही. आणि डोंगर जांभ्याचा आहे का काळ्या पाषाणाचा, पाऊस किती पडतोय, मधल्या काळात तिथं खाण झाली का वनखात्यानं चर मारले, यावरही बरंच अवलंबून आहे. त्यामुळं खालचं सगळं जसंच्या तसं तुमच्या डोंगराला लागू होईल असं नाही.

आधी मनातनं एक गोष्ट काढून टाका, की गड म्हणजे तटबंदी. तट शोधायला गेलात तर हाताला काही लागणार नाही. कारण जे रचलेलं असतंय ते पडतंय, पाडलं जातंय, उचलून नेलं जातंय, आणि जे कातळात खोदलेलं असतंय ते कोणाला नेता येत नाही. नाहीशा झालेल्या गडाचा तपास खोदकामापासनं सुरू करायचा, बांधकाम नंतर.

आपल्या भागात बांधकाम जायला कारणंही तशीच घडली. १८४४ ला कोल्हापूर संस्थानात गडकऱ्यांचा उठाव झाला. वंशपरंपरेनं चालत आलेल्या जमिनी आणि हक्क नव्या कारभारात जातील म्हणून सामानगड आणि भुदरगडच्या शिबंदीनं, म्हणजे गडावरच्या शिपायांनी, दरवाजे लावून घेतले, मग इंग्रजांची फौज आली, ऑक्टोबरात सामानगड पडला आणि डिसेंबरात पन्हाळा. त्यानंतर पन्हाळा, पावनगड, विशाळगड, भुदरगड, सामानगड, रांगणा असल्या गडांची तटबंदी आणि दरवाजे मोडून टाकायचं काम निघालं. पन्हाळ्याचा चार दरवाजा त्यातच गेला, आज तिथं नुसते अवशेष दिसतात. आता पन्हाळ्यासारख्या गडाची ही गत, तर आडबाजूच्या छोट्या गडाचं काय. शिवाय छोट्या गडांवर मुळात दगडी वाडे नसायचेच, जोतं तेवढं दगडाचं आणि वर लाकूड, कुडाच्या भिंती, गवताचं छप्पर. माणूस उठून गेला की चार-पाच पावसाळ्यात सगळं जमीनदोस्त. गगनबावड्याकडं वर्षाला ५००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतोय, त्यात मातीची भिंत काय टिकणार. वर काही दिसत नाही हा त्यामुळं गड नसल्याचा पुरावा होत नाही.

आता आधी फसवणाऱ्या गोष्टी बाजूला काढा, निम्मा वेळ यातच वाचतो. डोंगराच्या अंगानं एका पातळीत, सारख्या अंतरावर जाणाऱ्या ओळी आणि प्रत्येक ओळीच्या खालच्या बाजूला मातीचा बांध असला तर ते पाणी-माती अडवायला खणलेले सलग समतल चर आहेत, तट नाही. गोल किंवा चौकोनी गडग्याचं कुंपण, आत जमीन काळी भुसभुशीत आणि लेंड्यांचा थर असला तर तो धनगरांच्या मेंढरांचा वाडा. एकदम माथ्यावर एकटाच दगडाचा चौथरा किंवा रचलेला ढिगारा असला तर इंग्रजांच्या काळातली मोजणीची खूण असू शकते, उंच टेकड्यांवर त्या भरपूर आहेत. नाचणी-वरीच्या शेतातले वेचून बांधावर टाकलेले दगड पण लांबनं पडक्या भिंतीसारखे दिसतात. आणि जांभ्याच्या पठारावर चिऱ्याच्या जुन्या खाणी असतात, त्यांना लोक हमखास टाकं, म्हणजे कातळात खोदलेला पाण्याचा हौद, म्हणतात. खाणीचा तळ वर-खाली असतोय, एक बाजू बहुतेक वेळा उघडी असते, आणि भिंतीवर चिरे सोडवल्याच्या चौकोनी खुणा ओळीनं दिसतात. मात्र खाण दिसली म्हणून लगेच पाठ फिरवू नका, कारण गडाला दगड जिथनं काढला तिथंच नंतर पाणी साठवलं, असंही सर्रास व्हायचं.

मग पाण्याकडं वळायचं, आणि माझा सगळा भर याच्यावर आहे. आपल्या बावड्याच्या रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात, म्हणजे मराठ्यांच्या राज्यकारभारावरच्या त्यांच्या ग्रंथात, गड बांधायच्या आधी पाणी बघायला सांगितलंय, पाणी नसलं आणि जागा घ्यावीच लागली तर खडक फोडून आधी टाकी करायची, आणि एकाच टाक्यावर अवलंबून राहायचं नाही. हे पुस्तकी नाही, प्रत्येक गडावर हेच बघायला मिळतंय. काळ्या पाषाणाच्या डोंगरात दोन थरांच्या मध्ये गेरूसारखी तांबडी पट्टी असते, तिथं पाणी झिरपतंय, म्हणून टाकी आणि गुहा त्या पातळीला जास्त सापडतात. जांभ्याच्या पठारात पाणी वरनं मुरतंय आणि खालच्या चिकण थरावर अडून कड्याच्या अंगाला झऱ्यानं बाहेर येतंय, म्हणून तिथं पठाराच्या मधोमध हिंडण्यापेक्षा कडेकडेनं चालायचं. सामानगडावर जांभा खोदून खोल विहिरी केल्यात, सात कमान विहीर एकदा जाऊन बघाच, आत उतरताना कमानीखालनं जाणाऱ्या पायऱ्या बघितल्या की पाण्यासाठी काय खटपट केली असेल ते डोळ्यांनी दिसतंय.

तुमचा तो पाण्याचा खड्डा नीट जवळनं बघा. कोपरे काटकोनात आहेत का. एका बाजूला उतरायला दोन-तीन तरी पायऱ्या किंवा पाय ठेवायला खोबणी आहेत का. काठावर पाणी आत वळवायला बोटभर खोलीची पन्हळ खोदलीय का, आणि दुसऱ्या बाजूला जादा पाणी बाहेर जायला वाट ठेवलीय का. पाषाणात असलं तर भिंतीवर छिन्नीचे तिरके घाव अजून दिसतील, सकाळी किंवा संध्याकाळी उन्हं तिरकी असताना गेलं की ते स्पष्ट उठून दिसतात, दुपारी बारा वाजता तीच भिंत सपाट वाटते. जांभ्यात मात्र घाव टिकत नाहीत, दगडच छिद्राछिद्रांचा, तिथं कोपरा आणि पायरी यावरच भागवायचं. आणि काठाच्या कातळावर मूठभर रुंदीची गोल भोकं ओळीनं आहेत का ते हातानं चाचपून बघा, गवत आणि माती भरलेली असतात म्हणून चटकन दिसत नाहीत. त्यात लाकडी खांब रोवून वर छप्पर घातलेलं असायचं. टाक्यावर सावली म्हणजे पाणी कमी उडणार. असली भोकं सापडली तर तिथं मुद्दाम, ठरवून, बरेच दिवस राहणारी माणसं होती एवढं पक्कं.

आता चौकी का गड, हा तुमच्या पोरांचा वाद. यावर माझ्याकडं एक साधा हिशोब आहे. टाक्याची लांबी, रुंदी, खोली मोजायची. समजा ६ मीटर लांब, ४ मीटर रुंद, ३ मीटर खोल निघालं, म्हणजे ७२ घनमीटर, म्हणजे ७२,००० लिटर पाणी. पाऊस संपल्यापासनं पुन्हा पडेपर्यंत धरा ८ महिने, २४० दिवस. माणशी रोजचं १० लिटर धरलं तर २० माणसांना रोज २०० लिटर, २४० दिवसांचं झालं ४८,०००. उरलेलं २४,००० लिटर म्हणजे त्या टाक्यातलं बरोबर १ मीटर पाणी, आणि उघड्या टाक्यातलं तेवढं पाणी उन्हाळ्यात आरामात उडून जातंय. म्हणजे या एका टाक्यावर २० माणसं वर्ष काढतील, जास्त नाही. वर असं एकच टाकं असलं तर ती चौकी किंवा मेट, वाटेवर नजर ठेवणारी. तशी ५-६ टाकी असली तर शंभराच्या आसपास माणूस वर राहू शकतोय, जनावरं धरली तर थोडी कमी, आणि तो गड म्हणायला कोणाची हरकत नसावी. गाळ भरलेल्या टाक्याची खोली कळत नाही, तिथं अंदाज खालचाच येणार हे लक्षात ठेवा. आणि चौकी निघाली तर नाराज होऊ नका हो. घाटवाटेवरची चौकी म्हणजे मोठ्या गडाचे डोळे-कान, अशा जागांची नोंद कुठंच नाही म्हणून त्या आणखी मोलाच्या.

पाण्यानंतर कडा. लोक पठाराच्या चारी बाजूंनी तट शोधत फिरतात, पण जिथं सरळ तुटलेला कडा आहे तिथं तट बांधलेलाच नसतो, कशाला बांधतील. जिथनं माणूस चढू शकतोय तिथंच बघायचं. म्हणजे डोंगराची सोंड जिथं माथ्याला मिळते ती जागा. तिथं तीन गोष्टी बघा. सोंडेवर आडवा खोदलेला खंदक आहे का, आता मातीनं भरून नुसती खोलगट पट्टी राहिली असेल. कडा वरनं तासून सरळ केलाय का. आणि कड्याच्या काठाला कातळात हात-दीड हात रुंदीची सपाट खाच आहे का. तटाचा पहिला थर घसरू नये म्हणून तशी खाच काढून त्यात दगड बसवायचे, वरचे सगळे चिरे गेले तरी ती बैठक तशीच राहते. घडीव चिरे लोकांनी नेले तरी आतला भराव मात्र कोणाच्या उपयोगाचा नसतो, तो तिथंच लांबट उंचवट्यासारखा पसरून राहतो, आणि त्याच्यावर माती कमी असल्यानं ऑक्टोबर-नोव्हेंबरात तेवढ्या पट्टीवरचं गवत बाकीच्या आधी पिवळं पडतंय. वरनं काढलेल्या फोटोत ती रेघ सरळ दिसते. गुगल अर्थवर जुन्या तारखांचे फोटो बघायची सोय आहे, त्यात पावसाळ्यानंतरचे दोन-तीन महिने उघडून बघा.

दरवाजा शोधायचा तर आजची पायवाट जिथनं वर येते तिथंच असेल असं धरू नका. जुनी वाट शक्यतो कड्याच्या खालनं, वरच्या माणसाच्या माऱ्यात राहील अशी आणलेली असते, समोरनं सरळ नसते. चिंचोळ्या जागी कातळात खोदलेल्या पायऱ्या, मधे झिजलेल्या, आणि जवळ कुठंतरी मोठा आडवा दगड ज्याच्या टोकाला वाटीसारखा गोल खळगा आहे, तो बघा. दाराची फळी त्या खळग्यात फिरायची. वर्षानुवर्षं दार फिरून खळगा आतनं गुळगुळीत झालेला असतो, बोट फिरवलं की लगेच कळतंय, पावसानं झालेला खळगा असा नसतो. बाजूच्या दगडात अडसर सरकवायचं चौकोनी भोक मिळालं तर मग शंकाच नको.

माथ्यावर जोती शोधताना दगडांचे ढीग बघण्यापेक्षा सरळ ओळ आणि काटकोन बघा. खापऱ्या दिसल्या तर जागेवरच फोटो काढा, उचलू नका. कौलाचे तुकडे असले तर एवढं ध्यानात ठेवा की मंगलोरी कौलं आपल्याकडं १९ व्या शतकाच्या उत्तरार्धानंतरची, ती पडलेली असली तर वर नंतर कोणीतरी देऊळ किंवा शेड बांधलं होतं. त्याच्या आधीची ती हातानं केलेली नळीची कौलं. झाडांवर पण नजर ठेवा, उघड्या कातळाच्या सड्यावर मधेच जुनी चिंच, आंबा किंवा वड कुठनं येणार, आज्ञापत्रात गडावर असली झाडं लावून राखायला सांगितलेलंच आहे. एकट्या झाडावरनं काही ठरत नाही, पण टाकं, जोतं आणि चिंच एका ठिकाणी आली की ती जागा राहती होती असं म्हणायला मला पुरतंय.

मग खाली गावात या. गडाचे दगड वर नसले तर ते कुठंतरी असणार. जुन्या घरांची जोती, देवळाचा पार, विहिरीचं बांधकाम, शाळेची पायरी, सगळं बघत हिंडा. बाकी सगळी भिंत ओबडधोबड आणि मधेच एक-दोन तासलेले, कडा साधलेले चिरे, एखाद्यावर अडसराचं भोक, असं दिसलं की समजायचं. वीरगळ, सतीशिळा असल्या तर त्यांचेही फोटो घ्या. घरमालकाला आधी विचारा, आणि तुमच्या आज्यानं गडाचा दगड चोरला असला सूर अजिबात नको. पडलेल्या दगडानं गावानं घर बांधलं यात वावगं काय, आणि खरी माहिती पण त्याच घरातल्या म्हाताऱ्या बायकांकडं असते, जत्रेला पालखी कुठल्या वाटेनं वर जायची, पाणी कुठलं भरायची, हे त्या बरोबर सांगतात.

कागदांचं म्हणाल तर १८८६ चं कोल्हापूरचं गॅझेटियर बघा, मोठ्या गडांची बऱ्यापैकी माहिती आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशांत तुमचा बराचसा भाग ४७ एल या क्रमांकात येतो, घाटाकडची कड ४७ एच मध्ये, जुनी आवृत्ती मिळाली तर पायवाटा आणि टेकड्यांची नावं त्यात सापडतात. आणि कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात संस्थानचं मोडी दफ्तर आहे. तिथं गडाचं नाव शोधून काही मिळालं नाही तरी गावाचं नाव शोधा, गडाच्या नोकरीसाठी दिलेली जमीन असली तर ती गावाच्या कागदात सापडायची शक्यता जास्त. मोडी येत नसेल तर वाचणारी माणसं कोल्हापुरात आहेत, विचारलं तर मदत करतात.

आता जेसीबीचं. हे मी हात जोडून सांगतोय, थांबवा. माथ्यावरची माती बऱ्याच ठिकाणी फूट-दीड फूटच असते आणि जे काही उरलंय ते तेवढ्यातच आहे. बकेट एकदा फिरलं की जोत्याची ओळ, चुलीची राख, खापऱ्या सगळं एक होतंय, मग जगातला कोणताही तज्ज्ञ आणा, काही सांगू शकणार नाही. आपल्या कोल्हापुरातच पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीची टेकडी आहे, वरनं बघणाऱ्याला काय दिसत होतं? १९४५-४६ ला थराथरानं उत्खनन झालं तेव्हा सातवाहनांच्या काळातली घरं निघाली, आणि तिथंच मिळालेली रोमन बनावटीची पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची कांस्यमूर्ती आज टाऊन हॉल म्युझियममध्ये आहे. कुठली वस्तू कुठल्या थरात होती हे लिहून ठेवलं म्हणून त्या टेकडीला इतिहास मिळाला. गुप्तधनाच्या नादानं जोत्यांच्या मधोमध खड्डे मारणारे आणि उत्साहानं साफसफाई करणारे, दोघांचा हेतू वेगळा असला तरी जमिनीवर नुकसान सारखंच होतंय, हे बघून मला फार वाईट वाटतं.

टाक्यातला गाळ काढायचा मोह सगळ्यात मोठा असतो. तो पण काढू नका. गाळ थरावर थर साचत आलेला असतो आणि काठावरनं पडलेली भांडी, कौलं, कधी तोफेचा दगडी गोळा, सगळं त्याच क्रमानं आत असतंय. काढायचाच झाला तर पुरातत्त्व खात्याची परवानगी आणि जाणकार माणूस समोर पाहिजे. डोंगर वनखात्याकडं असला तर त्यांची परवानगी वेगळी, राधानगरी अभयारण्याच्या हद्दीत येत असला तर आणखी कडक. आणि जमिनीत नाणी, दागिने असलं काही मिळालं तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानं ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतंय, १० रुपयांच्या वर किंमत असली तरी, लपवलं तर गुन्हा आहे.

गावाला काहीतरी करायचंच आहे ना, मग करण्यासारखं भरपूर आहे. जुनी पायवाट हातानं मोकळी करा. टाक्याच्या भिंतीत मूळ शिरलेली रोपटी उपटू नका, त्यानं दगड सुटतो, बुडाशी कापत राहा. कातळावर ऑइल पेंटनं नावं, बाण काढू नका. ग्रामसभेत ठराव करून राज्य पुरातत्त्व खात्याला पत्र द्या, सोबत फोटो आणि मोजमापं जोडा, नुसत्या पत्रापेक्षा त्याला वजन येतंय. २०२५ च्या जुलैमध्ये मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून १२ किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यात आपला पन्हाळा आहे, त्यामुळं गडांविषयी बोललं तर ऐकून घ्यायची तयारी सध्या जरा बरी आहे, तेवढा फायदा उठवा.

तुम्ही एवढं करा. गवत वाळल्यावर जानेवारी-फेब्रुवारीत सकाळी लवकर वर जा, दोघं-तिघं मिळून, एकट्यानं कड्याकडं फिरायचं नाही. मोबाईलवर प्रत्येक जागेचं लोकेशन घ्या, टेपनं टाक्याची मापं घ्या, फोटो काढताना शेजारी फूटपट्टी ठेवा आणि उत्तर दिशा कुठली ते लिहा. टाक्याचे चारी कोपरे, सोंडेकडची बाजू आणि वर चढायच्या वाटेवरचे कातळ, या तीन जागांचे फोटो मला आधी पाहिजेत. लोकेशन मात्र सगळ्यांसमोर टाकू नका, गुप्तधनवाले पण हे वाचत असतात, ते मला मेसेजमध्ये पाठवा. फोटो बघून टाकं का खाण एवढं तरी मी नक्की सांगतो, आणि गडाची शक्यता दिसली तर टेप आणि होकायंत्र घेऊन स्वतः येतो, नकाशा आपण गावातल्या पोरांना हाताशी घेऊनच काढू.